माईचा वांटा

आपल्याला एखादी गोष्ट करावयाची असते, पण ती करण्यास मन थोडें कचरत असतें. अशा वेळीं माणूस एखादा वजनदार साक्षीदार शोधूं लागतो. पूर्वीं ह्या कामीं शास्त्राचा उपयोग होई. "शास्त्रांत असें सांगितलें आहे" म्हटलें, कीं पुढें कोणी ब्र काढीत नसे. आतां शास्त्राचा तो मान राहिला नाहीं. त्याच्या जागीं निसर्ग येऊन बसला आहे. "हा निसर्गाचा नियमच आहे" असें कोणी म्हणालें, कीं आपण मुकाट्यानें मान डोलावतों. पूर्वींच्या शास्त्राची पोथी निदान एखादा शंकेखोर तरी उघडून पाहात असे. निसर्गाची पोथी उघडण्याचे कष्ट मात्र सहसा कोणी घेत नाहीं.

ही पोथी चाळून पाहण्याचा प्रसंग मजवर गेल्या वर्षीं आला. भंडाऱ्याचा आमचा जुना वाडा विकावयाचें ठरलें. ठरलें तें कांहीं वावगें नव्हतें. माझे तीन भाऊ. एक पुण्यास, एक नागपुरास आणि धाकटा सातासमुद्रांपलीकडे. माझें सासर गांवांतच, म्हणून वाड्याच्या किल्ल्या माझ्या कमरेला. दर ज्येष्ठांत कौलांची शाकारणी करावयाची, वाळवीनें पोखरलेले वासे बदलावयाचे, विहिरींतला गाळ उपसावयाचा. हें सारें कोणी आणि कोणासाठीं करावयाचें? कायद्याप्रमाणें किंमतीचे चार वांटे व्हावयाचे होते: तिघां भावांचे तीन आणि माझा एक.

पण त्या वाड्यांत माई राहते. माई म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. १९६० सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, कुंकू पुसून ती माहेरीं परत आली. आज पंचाऐंशीच्या घरांत पोंचली तरी ती तेथेंच आहे. १९६६ सालीं माझी आई गेली, तेव्हां मी नऊ वर्षांची होतें आणि धाकटा दीड वर्षाचा. तेथून पुढें आमच्या शाळा, आमचीं दुखणीं, भावांच्या मुंजी, सर्वांचीं लग्नें, माझीं आणि भावजयांचीं बाळंतपणें, हीं सारीं माईच्या हातून पार पडलीं. आजोबा वारल्यावर वडिलांनीं तिच्यापुढें कागद ठेवला, तेव्हां "मला काय करायचंय घेऊन?" असें म्हणून तिनें हक्कसोडपत्रावर सही केली. म्हणजे कागदोपत्रीं त्या वाड्यांतली एक वीटही तिची नाहीं.

नागपूरच्या भावाचा मुलगा हुशार इंजिनियर आहे आणि स्वभावानेंही प्रेमळ आहे. माईची सोय एका चांगल्या वृद्धाश्रमांत करावी आणि खर्च सर्वांनीं वांटून घ्यावा, अशी व्यवस्था त्यानें सुचविली. मीं विचारलें, "आणि तिचा वांटा?" तो म्हणाला, "आत्या, वांटा कसला? निसर्गाचा नियमच बघ ना. पिलं मोठीं झालीं कीं घरटं मोडतं. जो तो प्राणी आपलं नि आपल्या पिलांचं बघतो. माईआजीला पिलं नाहींत. ती वांटा घेऊन करणार काय?"

त्याच्या बोलण्यांत दुष्टपणा नव्हता. परंतु तीस वर्षें मीं शाळेंत जीवशास्त्र शिकविलें आहे. वांट्याचें राहूं द्या. आधीं त्या नियमाचीच विचारपूस करावी असें मला वाटलें. निसर्गाचा नियम खरा. पण कोणत्या प्राण्याचा?

वाघाचा म्हणाल, तर माझ्या भाच्याचें बोलणें अक्षरशः खरें आहे. वाघीण एकटीच पिलें वाढविते. सुमारें दोन वर्षांनीं तीं पिलें आपापल्या वाटेनें निघून जातात, आणि पुढें मायलेकरांचा संबंध उरलाच तर हद्दीच्या तंट्यापुरता उरतो. सृष्टींत असे एकलकोंडे प्राणीच बहुसंख्य आहेत. पण ज्या रानांत वाघ आहे, त्याच रानांत दुसरेही संसार आहेत, आणि ते पाहावयाला आम्हां भंडारेकरांस फार लांब जावें लागत नाहीं.

भंडाऱ्याच्या पूर्वेस नागझिऱ्याचें रान आहे. व्यंकटेश माडगूळकरांनीं त्यावर पुस्तक लिहिलें आणि मारुती चितमपल्लींनीं वनाधिकारी म्हणून नवेगांव-नागझिऱ्याच्या परिसरांत पुष्कळ काळ घालविला, त्यामुळें मराठी वाचकाला तें घरबसल्याही ओळखीचें आहे. १९७० सालीं तें अभयारण्य झालें. १९९९ सालीं आमच्या जिल्ह्याचीच वांटणी होऊन गोंदिया निराळा निघाला, तेव्हां नागझिरा त्याच्या वांट्यास गेला आणि कोक्याचें रान आमच्याकडे राहिलें. माणसांनीं कागदावर रान असें वांटून घेतलें. जनावरांना त्याचा पत्ताही नव्हता. शेवटीं २०१३ सालीं नवेगांव, नागझिरा, कोका हीं सारीं मिळून एकच व्याघ्रप्रकल्प झाला. वांटणी झालेलें घर पुन्हां एका छपराखालीं आल्याचें असें उदाहरण माणसांत विरळाच!

ह्या रानांतले रानकुत्रे मीं प्रथम पाहिले ते शाळेच्या सहलीबरोबर. सह्याद्रीकडे ज्याला कोळसुंदा म्हणतात तोच हा प्राणी. तांबूस अंग, काळी झुबकेदार शेपटी, वजन पंधरा किलोंच्या आसपास. सांबरासारखें थोराड जनावर एकट्यानें पाडणें त्याला कठीणच. म्हणून त्याचा सारा व्यवहार टोळीचा. त्याला भुंकण्यापेक्षां शीळ अधिक आवडते, आणि झाडींत पांगलेली टोळी त्या शिळेवर पुन्हां एकत्र जमते. इंग्रजी अमदानींत ह्याला मारणारास सरकारांतून बक्षीस मिळत असे. शिकाऱ्यांच्या पुस्तकांत तर त्याला दरोडेखोराखेरीज दुसरें विशेषण नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याला अभय मिळालें. पुढें १९७६ ते १९७८ या काळांत ए. जे. टी. जॉनसिंग यांनीं कर्नाटकांतील बंडीपूरच्या रानांत ह्या प्राण्यामागें हिंडून त्याचा अभ्यास केला, आणि ह्या दरोडेखोराच्या घरांतली व्यवस्था लोकांना कळूं लागली.

टोळी बहुधा पांच ते बारा जणांची असते. तींत सामान्यतः एकाच मादीला पिलें होतात. बाकीचीं वयांत आलेलीं जनावरें त्या पिलांसाठीं राबतात. त्यांत मोठीं भावंडें पुष्कळ असतात. शिकार झाली कीं पोटांत मांस सांठवून बिळापर्यंत आणावयाचें आणि पिलांपुढें तें ओकून टाकावयाचें. बाळंतिणीलाही तसेंच भरवावयाचें. कोणीतरी शिकारीचा मोह सोडून बिळाशीं राखण करीत बसावयाचें. पिलें हिंडूंफिरूं लागलीं, कीं शिकारीवर पहिला मान त्यांचा. थोरांनीं मागें सरून उभें राहावयाचें. आमच्या घरीं पंगतीला पहिलीं पानें मुलांचीं असत आणि माई सर्वांच्या शेवटीं भाताच्या तळाशीं जेवायला बसे. तेव्हां ही रीत ब्राह्मणाच्या घरचीच आहे असें मला वाटे. ती रानकुत्र्याच्या घरचीही निघाली.

रानकुत्र्यांची टोळी म्हणजे वाढलेलें कुटुंब. वानरांची टोळी म्हणजे लेकींचें माहेर. आमच्या गांवांत काळतोंड्या वानरांना तोटा नाहीं. दर वर्षींच्या शाकारणीचें निम्में श्रेय त्यांनाच द्यावें लागेल. त्यांच्यांत लेकी जन्मभर माहेरींच राहतात. आजी, आई, मावशा, बहिणी, भाच्या अशी ती टोळी असते. घर सोडून जावें लागतें तें मुलग्यांना. वानरीण व्याली, कीं पहिल्याच दिवशीं बाकीच्या माद्या तिच्याभोंवतीं गोळा होतात आणि बाळ ह्या मांडीवरून त्या मांडीवर फिरूं लागतें. कधीं लेक न झालेली तरणी मादी तें उचलते, कधीं वयस्क मावशी उचलते. आई तेवढ्यांत चार पानें ओरबाडून खाते. बाळंतिणीला सवड मिळते आणि पोरींना पोर कसें धरावें याचें शिक्षण मिळतें.

इतकें वाचून कोणी म्हणेल, कीं पाहा, एकत्र कुटुंब निसर्गसिद्धच आहे! त्यानें थोडें थांबावें. ह्याच वानरांच्या टोळींत बाहेरून नवा हुप्या शिरतो, जुन्याला हुसकून लावतो आणि पुष्कळदां त्याचीं अंगावरचीं पोरें मारून टाकतो. १९६१ ते १९६३ च्या सुमारास युकिमारु सुगियामा ह्या जपानी शास्त्रज्ञानें धारवाडच्या रानांत हा प्रकार टिपला, तेव्हां तो अपघात किंवा विकृति असावी असेंच बहुतेकांना वाटलें. पुढें १९७१ पासून सारा हर्डी ह्या अमेरिकन विदुषीनें अबूच्या पहाडावर वर्षानुवर्षें वानरें पाहिलीं आणि दाखवून दिलें, कीं ह्यांत नराचा हिशेब आहे: पोर मेलें कीं आई लवकर पुन्हां माजावर येते, आणि पुढचें पोर ह्याचें होतें. म्हणजे बाळाला मांडीवर फिरविणाऱ्या मावशा जितक्या नैसर्गिक, तितकाच हा बालघातकी हुप्याही नैसर्गिक! निसर्गाची साक्ष काढणाराने उलटतपासणीला तयार असावें, तें ह्यासाठीं.

हर्डीबाईंच्या त्याच अभ्यासांत एका म्हाताऱ्या वानरिणीची हकीकत आहे. तिला त्यांनीं सोल असें नांव दिलें होतें. तिचें विणें केव्हांच थांबलें होतें. टोळींत तिला मान नव्हता, ती कडेकडेनें राही. परंतु नवा नर एका पोरावर चालून आला, तेव्हां तरण्याताठ्या माद्यांच्या पुढें होऊन त्याच्या अंगावर धांवून जाण्यांत ही म्हातारी होती. स्वतःचें पोर नसलेल्या म्हातारीनें वांटा घेऊन काय करावयाचें, हा प्रश्न मला भाच्यानें विचारला, तेव्हां मला प्रथम सोलची आठवण झाली.

आतां मुळांतल्या कोड्याकडे येऊं. आपलीं पिलें सोडून दुसऱ्याचीं पिलें वाढविणारा प्राणी निर्माणच कसा होतो? ज्याचा वंश अधिक वाढतो त्याचे गुण पुढें चालतात, हा उत्क्रांतीचा पहिला धडा. मग जो स्वतः वंशच वाढवीत नाहीं त्याचा परोपकारी गुण पुढच्या पिढींत उतरतो कोठून? १८५९ सालीं ग्रंथ लिहितांना डार्विनलाही वांझ कामकरी मुंग्यांनीं अडविलें होतें. त्यानें उत्तराची दिशा दाखविली ती कुटुंबाची; हिशेब मांडला तो मात्र शंभर वर्षांनंतर, १९६४ सालीं, विल्यम हॅमिल्टन ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें. तो हिशेब असा: पोटच्या मुलांत जसा आपला निम्मा वारसा असतो, तसा सख्ख्या भावंडांतही सरासरीनें निम्माच समान असतो. तेव्हां भावंडें जगविणें हाही स्वतःचा वारसा पुढें चालविण्याचाच एक मार्ग आहे. मदतीनें होणारा लाभ नात्याच्या जवळिकीनें गुणावा. तो जर मदतीच्या खर्चाहून अधिक भरला, तर मदत करणाराचा गुण वाढत जातो.

हा हिशेब तपासून पाहण्यासाठीं आपल्याच देशांत एका माशीची निवड झाली, आणि ती माशी आमच्या वाड्याच्या वळचणीला नेहमीं असे. तांबूस-तपकिरी अंगाची, पोटावर पिवळा पट्टा असलेली ही एक गांधीलमाशी. लांकडाच्या धाग्यांचा लगदा चावून चावून ती कागदासारखें पोळें बांधते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत राघवेंद्र गदगकर आणि त्यांचे विद्यार्थी ह्यांनीं कित्येक दशकें हिच्यामागें घालविलीं. एकेका माशीच्या अंगावर रंगाचे ठिपके द्यावयाचे, म्हणजे ती ओळखूं येते. मग कोण किती वेळां बाहेर जाते, कोण अळ्यांना भरविते, कोण नुसती बसून राहते, हें तासन्‌तास लिहीत बसावयाचें. आमच्या शेजारणी ह्यालाच गांवगप्पा म्हणतात. ह्या मंडळींनीं त्याचें शास्त्र केलें.

ह्या पोळ्यांत एकच राणी अंडीं घालते, पण तिच्यांत आणि इतर माद्यांत शरीराचा कांहीं फरक नसतो. कोणतीही मादी जन्मतः दासी नाहीं. प्रत्येकीला राणी होण्याचें सामर्थ्य असतें. ती हवें तर एकटी निघून स्वतंत्र पोळें मांडूं शकते, आणि कांहीं तसें करतातही. तरीपण पुष्कळ जणी राहतात आणि दुसरीचीं पोरें वाढवितात. कां? नात्याची जवळीक हें उत्तर अपुरें पडतें; कारण राणी अनेक नरांशीं संबंध ठेवते, राण्याही बदलत असतात, आणि पोळ्यांतल्या अळ्या राबणाऱ्या माशीच्या सख्ख्या बहिणीच असतील असा भरंवसा नसतो.

गदगकरांनीं १९९० सालीं एक निराळें उत्तर पुढें मांडलें, आणि तें वाचतांना मी खुर्चींत सरळ होऊन बसलें. अंड्यापासून माशी तयार व्हावयाला सुमारें दोन महिने लागतात. एकटी माशी पोळें मांडून बसली आणि मध्येंच मेली, तर तिच्या सगळ्या अळ्या उपाशीं मरतात. तिचे तोंवरचे कष्ट शून्य होतात. पण चारचौघींच्या पोळ्यांत एखादी मध्येंच मेली, तर तिनें अर्धवट वाढविलेल्या अळ्या दुसऱ्या पुऱ्या वाढवितात. तिनें भरविलेला एक घांसही वायां जात नाहीं. मृत्यु केव्हां गांठील ह्याचा नेम नसलेल्या जगांत एकत्र राहण्याचा सर्वांत मोठा नफा हाच, कीं आपलें अर्धें राहिलेलें काम दुसरें कोणी पुरें करील.

वाचकहो, माझी आई गेली तेव्हां तिचें काम अर्धेंही झालें नव्हतें. चार मुलें, सर्वांत थोरला अकरा वर्षांचा. ती जर एकट्या घरांतली एकटी बाई असती, तर आमचें काय झालें असतें हें मला ठाऊक नाहीं. तिनें भरविलेले घांस वायां गेले नाहींत, कारण घरांत माई होती. जीवशास्त्राच्या पुस्तकांत जो सिद्धांत आंकड्यांनीं मांडलेला आहे, तो मी जगलेली आहें.

ह्या माशीची आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. राणी मेली किंवा तिला उचलून बाजूस ठेवलें, कीं थोड्याच मिनिटांत कामकऱ्यांपैकीं एक जण एकाएकीं तापट होते, इतरांना दटावूं लागते, आणि सुमारें आठवड्याभरांत अंडीं घालावयास लागते. दुसऱ्या कोणी तिच्याशीं तंटा करीत नाहींत. पुढची वारस कोण हें आपल्याला बाहेरून पाहून ओळखतां येत नाहीं, पण माशांना तें आधींच ठाऊक असावें असें गदगकरांच्या प्रयोगांवरून दिसतें. म्हणजे राबणाऱ्या माशीला नात्याचा नफा असतो, विम्याचा नफा असतो, आणि शिवाय आशाही असते: आज दासी आहे, उद्यां कदाचित् राणी होईन.

ही आशा सर्वच समाजांत असते असें नाहीं. उंच झाडाच्या फांदीला लोंबणारें आग्या मोहोळ पाहा. तेथें राणी निराळी आणि कामकरीण निराळी. अळीपणीं जें अन्न मिळालें, त्यावर पुढचा सारा जन्म ठरतो. कामकरणीला राणी होतां येत नाहीं. प्राण्यांच्या समाजरचनेची चढती पायरी पाहात गेलें तर असें दिसतें: प्रथम पिलें वयांत आल्यावरही आईबापांपाशीं राहूं लागतात, मग मोठीं भावंडें धाकट्यांना सांभाळूं लागतात, मग कामाची वांटणी होते, आणि सर्वांत शेवटीं ती वांटणी शरीरांतच उतरते. तेथें पोंचल्यावर मात्र मागें फिरण्याची वाट बंद होते. मोहोळाचा कारभार सृष्टींतल्या अत्यंत गुंतागुंतीच्या कारभारांपैकीं एक आहे, पण त्याची किंमत कामकरणीनें आपल्या उद्यांच्या दिवसानें भरलेली असते.

मनुष्य ह्या शिडीवर कोठें बसतो? सारा हर्डी ह्यांनीं २००९ सालीं लिहिलेल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें आहे, कीं मनुष्यप्राणी मुळांतच मिळून पोरें वाढविणारा आहे. चिंपांझीची आई नव्या बाळाला दुसऱ्या कोणाच्या हातीं सहसा देत नाहीं, आणि दोन बाळंतपणांत तिला पांचसहा वर्षें थांबावें लागतें. माणसाच्या आईला पहिलें पोर स्वतःचें पोट भरूं लागण्याच्या फार आधीं दुसरें होतें. इतकीं परावलंबी पोरें एकट्या आईच्यानें वाढविणें अशक्य. आजी, मावशी, आत्या, थोरली बहीण, कोणीतरी हात लावीत आलें म्हणूनच आपली जात टिकली. टांझानियांतील हाड्झा ह्या वन्य लोकांत क्रिस्टन हॉक्स ह्यांनीं पाहिलें, कीं म्हाताऱ्या बायका दिवसभर कंद खणून नातवंडांचीं पोटें भरतात. विणें थांबल्यावरही मनुष्यस्त्री दीर्घकाळ जगते ह्याचें कारण ह्या खणण्यांतच असावें, असें त्यांचें म्हणणें आहे. म्हणजे जिला आपलीं पोरें नाहींत किंवा आतां व्हावयाचीं नाहींत, अशी घरांतली बाई ही निसर्गाच्या हिशेबांतली चूक नव्हे. माणसाचें घर जिच्यावर उभें राहिलें त्या खांबांपैकीं ती एक आहे.

पण शरीरानें आपण गांधीलमाशीसारखे आहों, मोहोळांतल्या माशीसारखे नव्हे. कोणतीही मुलगी जन्मतः दासी नसते. माईला पुन्हां संसार मांडतां आला असता. शिकतां आलें असतें. ती मॅट्रिकपर्यंत शाळेंत गेलेली आणि अक्षर मोत्यासारखें. तिचें शरीर, तिची बुद्धि ह्यांपैकीं कशानेंही तिला अडविलें नव्हतें. तिला अडविलें तें घरच्या रीतीनें. जें मोहोळांत अळीच्या अन्नानें घडतें, तें आमच्या घरांत एका पुसलेल्या कुंकवानें घडलें. गांधीलमाशीलासुद्धां उद्यांची आशा असते. एकोणिसाव्या वर्षीं माईची तीही काढून घेतली गेली, आणि काम मात्र सगळें राहिलें.

तिला प्रेम मिळालें नाहीं असें मी म्हणत नाहीं. तिच्या मांडीवर आम्ही भांडत असूं, आणि आजही माझा पुण्याचा भाऊ भंडाऱ्यास आला कीं आधीं तिच्या खोलींत जातो. पण प्रेम दिलें म्हणून हिशेब चुकता झाला असें आपण बायकांच्याच बाबतींत म्हणतों. शेतावरच्या गड्याला प्रेमानें वागविलें म्हणून त्याची मजुरी कोणी बुडवीत नाहीं.

हें सारें मीं माझ्या भाच्याला सांगितलें. तो मन लावून ऐकत होता, मग त्यानें विचारलें, "म्हणजे आत्या, निसर्ग म्हणतो म्हणून वांटा द्यायचा?"

त्याचा प्रश्न बरोबर होता. मीं उत्तर दिलें, कीं नाहीं. निसर्ग कांहींच म्हणत नाहीं. त्याच्याकडे वाघीण आहे, सोल आहे आणि पोरें मारणारा हुप्याही आहे. ज्याला जें हवें तें त्यानें उचलावें. निसर्गाच्या पोथींतून काय करावें हें कळत नाहीं. काय घडलें तें मात्र कळतें. आपण वाढलों ते कोणाच्या श्रमावर, हें ती सांगते. त्या श्रमाचें काय करावयाचें, हें ठरविणें आपल्याकडे आहे. माशीला तो अधिकार नाहीं, आपल्याला आहे. आणि दुसरें असें, कीं "माईला पिलें नाहींत" हें वाक्य ज्याच्या तोंडून निघालें, त्याला तरी तें शोभत नाहीं. लहानपणीं विषमज्वरांत एकवीस दिवस त्याच्या उशाशीं कोण बसलें होतें, हें त्यानें आपल्या आईला विचारावें. तो यावर कांहीं बोलला नाहीं. पण जातांना माईच्या खोलींत बराच वेळ बसला.

मग मीं तिघां भावांना पत्र घातलें: वाड्याच्या किंमतीचे चार नव्हे, पांच वांटे करावे, आणि पांचवा माईच्या नांवें बँकेंत ठेवावा. वृद्धाश्रमांत जावयाचें, कीं माझ्याकडे यावयाचें, कीं गांवांतच एखादी खोली घेऊन बाई ठेवून राहावयाचें, तें तिचें तिनें ठरवावें. ती गेल्यावर त्या पैशाचें काय, तेंही तिनेंच लिहून ठेवावें. दान म्हणून हें देऊं नये. हक्कसोडपत्रावर सही करून तिनें जें सोडलें, त्यापेक्षां कितीतरी अधिक तिनें ह्या घरांत घातलें आहे.

पुण्याच्या आणि परदेशच्या भावाचा रुकार आला आहे. नागपूरच्या भावाचें उत्तर यावयाचें आहे. त्याच्यावर मुलीच्या लग्नाचा भार आहे, आणि वांट्यांतून कांहीं लाख कमी होणें त्याला जड जाईल हें मला समजतें. तें सोपें आहे असें मी कोणालाच सांगणार नाहीं.

माईला मीं हें सर्व वाचून दाखविलें, माशांसुद्धां. ती हंसली आणि म्हणाली, "मला माशी केलीस ती केलीस, पण नांगी कुठं ठेवलीस माझी?" मग नेहमींप्रमाणें म्हणाली, "मला काय करायचंय घेऊन?"

हें वाक्य ऐकण्याची आम्हां सर्वांना फार संवय झालेली आहे. १९७२ सालीं तें ऐकून वडिलांनीं सुटकेचा निःश्वास टाकला आणि कागद घडी करून ठेवला. ते चांगले गृहस्थ होते. त्या काळीं कोणीही असेंच केलें असतें. परंतु मीं त्या वाक्याचा अर्थ ह्या वेळीं तिलाच विचारला. "माई, तुला नको आहे, कीं मागायची रीत नव्हती म्हणून नको म्हणतेस?" ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "परसांतल्या आंब्यासकट घर विकतां आहांत ना? मग निदान ज्या गल्लींत मी आयुष्य काढलं, तिथंच एक खोली बघ. भाडं माझ्या पैशांतून दे."

"माझ्या पैशांतून" हे शब्द मीं तिच्या तोंडून आयुष्यांत प्रथमच ऐकले.

ज्या घरांत असा वाडा, अशी वांटणी आणि अशी एखादी माई, काकू किंवा थोरली बहीण असेल, त्या घरच्या वाचकांना एवढेंच विनवावेंसें वाटतें, कीं वकिलाकडे जाण्यापूर्वीं कागदावर एक यादी करावी: ह्या घरांत कोणी कोणाला वाढविलें. ती यादी आणि वारसांची यादी शेजारीं शेजारीं ठेवावी. दोहोंत एखादें नांव कमी भरलें, तर तें कोणतें, हें शोधावयाला नागझिऱ्याच्या रानांत जाण्याची गरज पडणार नाहीं.